मायदेशाची भेट आणि मिशनची जबाबदेही : अमेरिकन मराठी मिशनमधील ह्यूम कुटुंबाच्या दोन पिढ्या (१८३९-१८८७)

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्राच्या प्रबोधनाचा इतिहास लिहिताना ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची दखल प्रामुख्याने शिक्षण, मुद्रण, नियतकालिके, वैद्यकीय सेवा आणि धर्मांतर या अंगांनी घेतली जाते. या लेखनात मिशनरी मुंबई बंदरात उतरला की त्याचा इतिहास सुरू होतो आणि तो परतीच्या जहाजावर चढला की अभ्यासकाच्या नजरेआड होतो. दहा-बारा वर्षांच्या सेवेनंतर तो वर्ष-दोन वर्षांसाठी मायदेशी गेला, ही बाब चरित्रात एखाद्या ओळीत उरकली जाते. 'प्रकृतीच्या कारणास्तव स्वदेशी गमन' एवढीच तिची नोंद असते.

वस्तुतः मिशनची आर्थिक व वैचारिक सूत्रे ज्यांच्या हाती होती, ते सर्व लोक समुद्रापलीकडे होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील शाळेच्या शिक्षकाचा पगार, मुंबईतील छापखान्याचा कागद आणि खेड्यातील उपदेशकाचे मानधन हे सारे न्यू इंग्लंडमधील लहानमोठ्या मंडळ्यांच्या वर्गणीतून येत असे. मिशनरी दांपत्य मायदेशी गेले म्हणजे ते आप्तांना भेटत असे, तसेच या वर्गणीदारांसमोरही उभे राहत असे. ज्याला मिशनच्या परिभाषेत 'फर्लो' म्हटले गेले, त्या स्वदेशरजेत कौटुंबिक भेट, शारीरिक विश्रांती, निधिसंकलन आणि कार्याचा हिशेब या चार गोष्टी एकत्र येत.

प्रस्तुत निबंधात अमेरिकन मराठी मिशनमधील ह्यूम कुटुंबाच्या दोन पिढ्यांच्या आधारे या स्वदेशभेटीचे स्वरूप तपासले आहे. पहिल्या पिढीचा मायदेशाचा प्रवास १८५४ मध्ये समुद्रातच खंडित झाला. दुसऱ्या पिढीतील रॉबर्ट ॲलन ह्यूम १८८५ मध्ये रजेवर गेले, तेव्हा परत पाठविण्याच्या प्रश्नावर त्यांनाच रोखून धरण्यात आले. या दोन प्रसंगांमधील अंतर पाहिले असता मिशन आणि त्याच्या आश्रयदात्या मंडळ्या यांच्यातील संबंध कसा बदलत गेला, हे स्पष्ट होते.

आजन्म सेवेची कल्पना

'अमेरिकन बोर्ड ऑफ कमिशनर्स फॉर फॉरेन मिशन्स' या संस्थेची स्थापना १८१० मध्ये झाली. तिचे पहिले मिशनरी फेब्रुवारी १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले. 'कॅरव्हान' या जहाजाने निघालेल्या जडसन व न्यूएल या दोन दांपत्यांना कलकत्त्यास पोहोचण्यास सुमारे चार महिने लागले. ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही. त्यांच्यापैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबईस पोहोचले व तेथून अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला.

या पहिल्या पिढीच्या मनात परतीचा विचार जवळपास नव्हता. मिशनरी म्हणून दीक्षा घेणे म्हणजे जन्मभरासाठी निरोप घेणे, अशीच त्या काळी धारणा होती. आईवडिलांचा निरोप अखेरचा समजूनच घेतला जाई. प्रकृती पूर्ण ढासळली तरच परतण्याची मुभा असे आणि तसे परतणे हे काहीसे अपयशाचे लक्षण मानले जाई. नॉट हे १८१५ मध्येच प्रकृतीच्या कारणाने परतले. न्यूएल १८२१ मध्ये मुंबईत पटकीने वारले. त्यांच्या पत्नी हॅरिएट या तर मुंबई पाहण्यापूर्वीच, १८१२ मध्ये मॉरिशस बेटावर निवर्तल्या होत्या.

गॉर्डन हॉल यांच्या कुटुंबाची हकिगत या धारणेची किंमत दाखविणारी आहे. मुलांच्या प्रकृतीसाठी त्यांच्या पत्नी मार्गारेट १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाल्या. हॉल स्वतः मात्र मुंबईतच राहिले, कारण त्यांच्या मते कामाचा माणूस काम सोडून जाऊ शकत नव्हता. थोरला मुलगा प्रवासातच दगावला. मार्च १८२६ मध्ये नाशिककडील दौऱ्यावरून परतताना हॉल यांना पटकीने गाठले व काही तासांतच त्यांचा अंत झाला. पत्नीच्या वाट्याला आलेली मायदेशाची भेट अशा रीतीने कायमच्या वैधव्यात संपली.

या पिढीतील जे परतले, त्यांच्याकडून मात्र एक वेगळीच बाब निदर्शनास आली. जडसन दांपत्य आणि ल्यूथर राइस यांनी हिंदुस्थानात येताच बॅप्टिस्ट मत स्वीकारले. साहजिकच त्यांना पाठविणाऱ्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा आधार तुटला. नवा आधार मिळविण्यासाठी राइस १८१३ मध्येच अमेरिकेस परतले. त्यांच्या भ्रमंतीतून मे १८१४ मध्ये फिलाडेल्फिया येथे बॅप्टिस्टांचे राष्ट्रीय मिशन संघटन उभे राहिले. ॲन जडसन प्रकृतीसाठी १८२२-२३ मध्ये इंग्लंड व अमेरिकेस गेल्या असता त्यांनी ब्रह्मदेशातील मिशनचा वृत्तांत लिहून १८२३ मध्ये प्रसिद्ध केला. आजारपणासाठी मिळालेल्या सवडीत ग्रंथ लिहिला गेला आणि त्या ग्रंथाने पुढील वर्गणीची जमीन तयार केली. परत आलेला मिशनरी हा मिशनचा सर्वांत प्रभावी प्रचारक ठरतो, हा धडा बोर्डाच्या धुरिणांनी यातून घेतला.

वर्गणीची वाट

आश्रयदात्या मंडळ्यांची रचना समजून घेतल्याशिवाय स्वदेशभेटीचे महत्त्व ध्यानात येत नाही. बोर्डाकडे राजाश्रय नव्हता. त्याचे उत्पन्न हजारो लहान देणग्यांवर अवलंबून होते. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी अनेक मंडळ्यांत मिशनसाठी विशेष प्रार्थनासभा भरे. तेथे दूरदेशीची पत्रे वाचली जात आणि वर्गणी गोळा होई. बोस्टनहून निघणाऱ्या 'मिशनरी हेरल्ड' या मासिकात मुंबई, अहमदनगर, सातारा येथील मिशनऱ्यांची पत्रे छापून येत. १८५६ मध्ये पॅसिफिक महासागरातील मायक्रोनेशियाच्या मिशनसाठी 'मॉर्निंग स्टार' हे जहाज बांधण्यात आले, ते मुलांनी दहा-दहा सेंटांचे भाग घेऊन जमविलेल्या पैशांतून. १८६८ मध्ये बोस्टन येथे स्त्रियांचे स्वतंत्र मिशन मंडळ स्थापन झाले आणि मिशनरी स्त्रिया व मुलींच्या शाळा यांचा मोठा भार त्याने उचलला.

या रचनेत पैसा देणारा आणि पैसा वापरणारा यांच्यामध्ये अर्ध्या पृथ्वीचे अंतर होते. ते अंतर पत्रांनी भरून निघत असले, तरी पत्राला चेहरा नसतो. रजेवर आलेले दांपत्य हा चेहरा पुरवी. पती रविवारी व्यासपीठावरून बोले. पत्नी स्त्रियांच्या सभांत शाळेची, घरांची, विधवांची हकिगत सांगे. एका गावाहून दुसऱ्या गावी, एका यजमानाच्या घरून दुसऱ्या यजमानाच्या घरी हा क्रम महिनोन्महिने चाले. विश्रांतीसाठी मिळालेली रजा अशा रीतीने श्रमाची होई.

श्रोत्यांच्या अपेक्षाही ठरावीक असत. ॲडोनिराम जडसन तेहतीस वर्षांनी, ऑक्टोबर १८४५ मध्ये बोस्टनला परतले, तेव्हाचा प्रसंग या दृष्टीने उद्‌बोधक आहे. त्यांच्या दुसऱ्या पत्नी सेरा यांचे वाटेत सेंट हेलेना बेटावर निधन झाले होते. त्यांचा घसा व फुप्फुसे इतकी क्षीण झाली होती, की त्यांचे हलक्या आवाजातील शब्द दुसऱ्या व्यक्तीने मोठ्याने उच्चारून सभेस ऐकवावे लागत. एका ठिकाणी ते बोलावयास उभे राहिले व त्यांनी साधे धर्मप्रवचन केले. ब्रह्मदेशातील तुरुंगाच्या, राजदरबाराच्या रोमांचक कथा ऐकावयास आलेल्या श्रोत्यांचा हिरमोड झाला. मिशनरी काय सांगू इच्छितो आणि मंडळी काय ऐकू इच्छिते यांतील ही तफावत पुढील पिढ्यांतही टिकून राहिली. आश्रयदात्यांचे कुतूहल हेच मिशनरी वृत्तांताचे अलिखित संपादकीय धोरण होते, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही.

पहिली पिढी : रॉबर्ट विल्सन व हॅना ह्यूम

रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांच्या पत्नी हॅना हे दांपत्य १८३९ मध्ये मुंबईस आले. मुंबईतील मिशनच्या कामात ह्यूम यांचा प्रमुख वाटा लेखन व प्रकाशनाचा होता. १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झालेले 'ज्ञानोदय' नंतर मुंबईस आले व त्याच्या संपादनाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'ज्ञानोदय'ला असलेले स्थान सर्वज्ञात आहे. 'प्रभाकर'सारख्या समकालीन पत्रांशी त्याचे झालेले वाद हा त्या काळच्या वैचारिक जीवनाचा महत्त्वाचा भाग होय. १८४७ मध्ये भायखळा येथे या दांपत्यास झालेला मुलगा म्हणजे रॉबर्ट ॲलन.

पंधरा वर्षांच्या सलग वास्तव्यानंतर ह्यूम यांची प्रकृती खालावली आणि १८५४ मध्ये हे कुटुंब अमेरिकेस निघाले. तेव्हा सुएझ कालवा नव्हता. केप ऑफ गुड होपला वळसा घालून जाणारा हा प्रवास कित्येक महिन्यांचा असे. नोव्हेंबर १८५४ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या परिसरात असताना ह्यूम यांचे जहाजावरच निधन झाले. पुढील प्रवास हॅना यांनी मुलांना घेऊन एकटीने पूर्ण केला. ज्या मंडळ्यांसमोर पतीने पंधरा वर्षांचा हिशेब द्यावयाचा, त्यांच्यापुढे विधवा पत्नी पोरकी मुले घेऊन पोहोचली.

नेमक्या याच सुमारास, १८५४ च्या अखेरीस, बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हे शिष्टमंडळासह मुंबई व अहमदनगर येथे आले होते. ही एका अर्थाने उलट दिशेची भेट होती. हिशेब देणारा बोस्टनला पोहोचू शकला नाही, पण हिशेब घेणारा मुंबईस येऊन थडकला. अँडरसन यांच्या मते मिशनचे ध्येय स्वावलंबी स्थानिक मंडळ्या उभ्या करणे हे होते. इंग्रजी शाळांवर होणारा खर्च त्या ध्येयापासून दूर नेणारा होता. त्यांच्या भेटीनंतर मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करण्यात आल्या. त्याच वेळी हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगर येथील मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. एकाच निर्णयप्रक्रियेने एक दार बंद केले व दुसरे उघडले. यापैकी कोणताही निर्णय अहमदनगरच्या मंडळीने स्वतः घेतलेला नव्हता, हेही नोंदविले पाहिजे.

ह्यूम यांच्या वाट्याला आलेला समुद्रातील मृत्यू अपवादात्मक नव्हता. अहमदनगर येथे दीर्घकाळ काम केलेले हेन्री बॅलंटाइन हे १८६५ मध्ये अमेरिकेस परतत असताना असेच वाटेत निवर्तले. सुखरूप परतलेल्यांपैकी एबेनेझर बर्जेस यांचे उदाहरण लक्षणीय आहे. अहमदनगर व सातारा येथील सेवेनंतर ते १८५४ मध्ये परतले. त्यांनी केलेला 'सूर्यसिद्धान्त' या ज्योतिषग्रंथाचा सटीप इंग्रजी अनुवाद १८६० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीच्या नियतकालिकात, विल्यम ड्वाइट व्हिटनी यांच्या साहाय्याने प्रसिद्ध झाला. मंडळ्यांच्या सभांत हिंदुस्थानचे जे चित्र रंगविले जाई, त्यापेक्षा हे चित्र निराळे होते. परतलेला मिशनरी दोन प्रकारची शिदोरी घेऊन येई. एक वर्गणीदारांसाठी असे, दुसरी विद्वानांसाठी. आणि या दोन्हींचा मेळ क्वचितच घातला जाई.

घर कोणते?

मिशनरी कुटुंबात वाढलेल्या दुसऱ्या पिढीपुढे 'मायदेश' या शब्दाचा अर्थच संदिग्ध झाला होता. उष्ण हवा, साथीचे रोग आणि शिक्षणाची गैरसोय यांमुळे मिशनरी मुलांना लहान वयातच अमेरिकेस पाठविण्याची प्रथा पडली होती. त्यांच्यासाठी मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्नडेल येथे स्वतंत्र वसतिगृहही चालत असे. आईवडिलांच्या दृष्टीने रजा म्हणजे या मुलांना पुन्हा भेटण्याची आणि रजा संपताच पुन्हा सोडून जाण्याची वेळ असे. मंडळ्यांच्या सभांत या वियोगाचे वर्णन त्याग म्हणून केले जाई. पण ज्या मुलांच्या वाट्याला तो आला, त्यांना तो निवडण्याची मुभा नव्हती.

रॉबर्ट ॲलन ह्यूम यांनी बालपणीची सात वर्षे मुंबईत काढली होती. येल येथून ते १८६८ मध्ये पदवीधर झाले, अँडोव्हर येथील धर्मशास्त्र विद्यालयातून त्यांनी १८७३ मध्ये शिक्षण पूर्ण केले आणि १८७४ मध्ये ते अहमदनगरला आले. त्यांच्या पत्नी ॲबी या उपरोक्त एबेनेझर बर्जेस यांच्या कन्या. अर्थात या दांपत्याच्या दृष्टीने हिंदुस्थानात येणे हेही एक प्रकारे परतणेच होते. बोर्डाच्या दप्तरात अमेरिका ही त्यांची मायभूमी होती. जन्माने ह्यूम भायखळ्याचे होते.

ज्या जिल्ह्यात ते आले, तो लवकरच १८७६-७८ च्या दुष्काळात होरपळला. दुष्काळानंतर नगर जिल्ह्यातील खेड्यांमधून, विशेषतः महार व मांग समाजातून, ख्रिस्ती मंडळ्यांत येणाऱ्यांची संख्या वाढली. या नव्या मंडळ्यांसाठी स्थानिक पाळक व उपदेशक तयार करण्याच्या हेतूने १८७८ मध्ये अहमदनगर येथे धर्मशास्त्र विद्यालय सुरू झाले व ह्यूम त्याच्या कार्याशी अखेरपर्यंत निगडित राहिले. १८८१ मध्ये ॲबी यांचे निधन झाले. लहान मुलांची जबाबदारी आणि अकरा वर्षांच्या कामाचा शीण घेऊन ह्यूम १८८५ मध्ये रजेवर अमेरिकेस गेले. सुएझ कालवा १८६९ मध्ये खुला झाला होता, आगबोटी नियमित होत्या. वडिलांना जो प्रवास पार पाडता आला नाही, तो मुलाने काही आठवड्यांत केला. त्यांच्यापुढील अडचण आता समुद्रापलीकडे उभी होती.

१८८६ चा वाद

ह्यूम अमेरिकेत पोहोचले, तेव्हा काँग्रिगेशनल मंडळ्या एका तीव्र धर्मशास्त्रीय वादात सापडल्या होत्या. ज्यांना इहलोकी ख्रिस्ताची वार्ता कधीच ऐकावयास मिळाली नाही, त्यांचे मृत्यूनंतर काय होते, हा त्या वादाचा विषय होता. परंपरागत मतानुसार मृत्यूसमवेत निर्णय होतो व त्यानंतर कोणतीही संधी उरत नाही. अँडोव्हर येथील काही प्राध्यापकांनी मात्र अशा जीवांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल, ही शक्यता मोकळी ठेवली. १८८६ मध्ये त्यांच्यापैकी पाच जणांवर संस्थेच्या धर्मनियमांचा भंग केल्याचा आरोप ठेवण्यात आला.

परंपरावाद्यांचा आक्षेप तत्त्वज्ञानापुरता मर्यादित नव्हता. मृत्यूनंतरही संधी असेल, तर वार्ता पोहोचविण्याची निकड ती काय राहिली? आणि निकड नसेल तर वर्गणी कोण देईल? मिशनच्या सभांत कोट्यवधी जीव दररोज नाशाकडे जात असल्याचे आवाहन पिढ्यान्‌पिढ्या केले गेले होते. अर्थव्यवस्था त्या आवाहनावर उभी होती. बोर्डाचे चिटणीस एडमंड आल्डन यांनी म्हणूनच नव्या उमेदवारांची या प्रश्नावर कसून तपासणी सुरू केली.

या प्रश्नाची दुसरी बाजू मिशनच्या क्षेत्रात दिसत होती. नगर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात ख्रिस्ती झालेल्या माणसाचे आजे-पणजे, आईवडील, बहुतेक सारी भावकी या मंडळीच्या बाहेरच होती. ज्या समाजात पितरांचे स्मरण हे कुटुंबधर्माचे अंग आहे, तेथे आपले पूर्वज कायमचे दंडित झाले काय, हा प्रश्न वादविवादाचा नसून घरचा असतो. न्यू इंग्लंडच्या मंडळीला हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण तेथील श्रोत्यांचे पूर्वज ख्रिस्तीच होते.

जून १८८६ मध्ये अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात ह्यूम बोलले. या विद्यालयाच्या मताला धर्मद्रोह ठरवू नये, मिशनच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांतही त्याविषयी सहानुभूती आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. अन्य वेळी अशा भाषणाची दखल घेतली गेली नसती. पण बोलणारा बोर्डाचा मिशनरी होता, रजेवर होता आणि पुन्हा पाठविला जावयाचा होता. बोर्डाच्या कार्यकारी समितीने त्यांच्या परतीस मान्यता देण्याचे लांबणीवर टाकले. बारा वर्षांपूर्वी ज्याची पात्रता तपासून झाली होती, त्याची पुन्हा परीक्षा सुरू झाली.

ऑक्टोबर १८८६ मध्ये आयोवा राज्यातील डेमॉइन येथे बोर्डाची वार्षिक सभा भरली. तेथे या प्रश्नावर प्रदीर्घ चर्चा होऊन सभेने समितीच्या सावध धोरणाच्या बाजूने कौल दिला. तरीही प्रश्न मिटला नाही. मंडळ्यांमध्ये उघड दोन तट पडले होते. अनेक पाळकांना व वर्गणीदारांना असे वाटत होते, की मिशनऱ्याच्या श्रद्धेची परीक्षा बोस्टनमधील मूठभर व्यक्तींनी घेणे हे काँग्रिगेशनल पद्धतीच्या मुळावर येणारे आहे. त्या पद्धतीत अखेरचा अधिकार स्थानिक मंडळीचा असतो. पत्रव्यवहार, निवेदने आणि पुनर्विचार यांनंतर १८८७ मध्ये ह्यूम यांना परतण्याची अनुमती मिळाली. त्याच वर्षी त्यांचा दुसरा विवाह मिशनरी सॅम्युएल फेअरबँक यांची कन्या केटी यांच्याशी झाला. केटी यांनी विवाहापूर्वीच अहमदनगरच्या मुलींच्या शाळेत काम केले होते. मराठी मुलखाशी जन्माचे नाते असलेले हे दांपत्य पुन्हा नगरच्या कामावर रुजू झाले.

वादाचा अंतिम निकाल आणखी सहा वर्षांनी लागला. मृत्यूनंतरच्या संधीविषयीच्या मतामुळे नाकारले गेलेले विल्यम नॉइस हे उमेदवार बोस्टनमधील एका मंडळीच्या स्वतंत्र पाठबळावर जपानला गेले होते. १८९३ च्या वूस्टर येथील सभेत बोर्डाने त्यांना आपले मिशनरी म्हणून स्वीकारण्याचा आदेश दिला. आल्डन यांनी पद सोडले. त्याच वर्षी शिकागो येथे भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत रॉबर्ट ह्यूम यांनी ख्रिस्ती व हिंदू विचारांच्या संबंधावर निबंध वाचला. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या परतीवर प्रश्नचिन्ह लागले होते, ते आता मिशनच्या वतीने हिंदू धर्मविचाराविषयी आदराने बोलू शकत होते.

तेच श्रोते, दुसरा आवाज

ह्यूम ज्या काळात परवानगीची वाट पाहत अमेरिकेत थांबले होते, त्याच काळात पंडिता रमाबाई त्या देशात होत्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला आल्या आणि पुढे सुमारे अडीच वर्षे त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १८८७ मध्ये त्यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात बोस्टन येथे अमेरिकन रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. गावोगावच्या स्त्रियांनी मंडळे करून वार्षिक वर्गणीची हमी दिली. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले.

मिशनरी स्त्रियांनी अनेक दशके ज्या सभागृहांत हिंदी विधवेविषयी सांगितले, त्याच प्रकारच्या सभागृहांत आता एक विधवा स्वतः बोलत होती. मात्र वर्गणीची रचना तीच होती आणि तिच्यासोबत येणारी जबाबदेहीही तीच होती. धर्माच्या बाबतीत तटस्थता राखण्याची अट होती. ती मोडल्याच्या तक्रारीवरून १८९३ मध्ये पुण्यात वादळ उठले, तेव्हा रमाबाईंनाही बोस्टनला उत्तर द्यावे लागले. ह्यूम यांच्यावर पुरेसे परंपरानिष्ठ नसल्याचा ठपका होता. रमाबाईंवर अधिक ख्रिस्ती असल्याचा ठपका होता. आरोप परस्परविरोधी असले, तरी प्रश्न एकच होता. दूरस्थ पैशावर चालणाऱ्या कार्यात प्रत्यक्ष कार्यकर्त्याच्या विवेकाला किती जागा असते?

साधनांच्या वाचनाविषयी

उपरोक्त विवेचनाचा महाराष्ट्राच्या इतिहासाच्या साधनांशी थेट संबंध आहे. मिशनचे वार्षिक अहवाल, 'मिशनरी हेरल्ड'मधील पत्रे आणि रजेच्या काळात लिहिलेले ग्रंथ यांचा वापर अभ्यासक जातिव्यवस्था, स्त्रीजीवन, दुष्काळ आणि शिक्षण यांच्या अभ्यासासाठी करतात. तो योग्यही आहे. मात्र ही साधने ज्या वाचकासाठी लिहिली गेली, तो वाचक नगर वा सातारा येथील नव्हता. वर्गणी देणाऱ्या वाचकाला निकड जाणवावी, परंतु निराशा वाटू नये, असा तोल या लेखनात सांभाळलेला असतो. म्हणून अंधाराची वर्णने गडद येतात आणि यशाची उदाहरणे व्यक्तिचित्रांच्या रूपाने येतात. वर्षानुवर्षे चालणारी सामान्य कामे, मतभेद आणि स्थानिक सहकाऱ्यांचा वाटा या गोष्टी त्यांत पातळ होतात.

यासाठी 'ज्ञानोदय'सारखी मराठी साधने आणि इंग्रजी अहवाल समोरासमोर ठेवून वाचणे आवश्यक ठरते. एकच माणूस मराठीत स्थानिक वाचकासाठी आणि इंग्रजीत आश्रयदात्यासाठी लिहीत असेल, तर त्या दोन लेखनांतील फरक हे स्वतंत्र ऐतिहासिक साधन होय. लक्ष्मीबाई टिळक यांच्या 'स्मृतिचित्रे'त नगरच्या मिशनचे व डॉ. ह्यूम यांचे जे दर्शन घडते, ते याच कारणाने मोलाचे आहे. कोणत्याही वर्गणीदाराला उद्देशून ते लिहिलेले नाही.

निष्कर्ष

ह्यूम कुटुंबाच्या दोन पिढ्यांच्या अभ्यासातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मिशनऱ्याची स्वदेशभेट हा मिशनच्या कार्याचा विराम नसून त्या कार्याचा एक अनिवार्य भाग होता. तेथे निधी उभा राहत असे, तेथेच हिशेब होत असे. दुसरी, या भेटीची कौटुंबिक किंमत स्त्रिया व मुलांनी प्रामुख्याने मोजली. मार्गारेट हॉल आणि हॅना ह्यूम यांच्या परतीच्या प्रवासांची नोंद पतीच्या चरित्रातील शेवटची ओळ म्हणून न करता स्वतंत्रपणे व्हावयास हवी. तिसरी, प्रवाह एकाच दिशेने वाहत नव्हता. बोस्टनहून पैसा व धोरण अहमदनगरला येत होते हे खरे. परंतु १८८६ मध्ये मराठी खेड्यांतील मंडळ्यांचा अनुभव घेऊन आलेल्या एका मिशनऱ्यामुळे पाठविणाऱ्या मंडळ्यांनाच आपल्या सिद्धान्ताचा फेरविचार करणे भाग पडले.

ह्यूम पुढे चार दशके या कामात राहिले. १८९९-१९०० च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेल्या मदतीच्या वाटपात त्यांचा मोठा वाटा होता आणि त्याबद्दल त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. रजेच्या काळात जुळलेले संबंध त्या वेळी धान्याच्या रूपाने नगर जिल्ह्यात परतले. १९२६ मध्ये ते अमेरिकेस परतले व १९२९ मध्ये तेथे त्यांचे निधन झाले. भायखळ्यात जन्मलेल्या या माणसाच्या त्या अखेरच्या प्रवासास मायदेशी परतणे म्हणावे की मायदेश सोडणे, हे बोर्डाच्या कागदपत्रांवरून ठरविता येणार नाही. तथापि ज्या मंडळ्यांनी त्यांना पाठविले आणि ज्या मंडळ्यांमध्ये ते राहिले, त्या दोन्हींना एकमेकींचे प्रश्न ऐकावयास लावण्याचे कार्य त्यांच्या १८८५-८७ च्या रजेने केले. महाराष्ट्रातील मिशनच्या इतिहासात त्या रजेची नोंद याच अर्थाने झाली पाहिजे.